सोमवारचे कुलूप

सहलीचा बेत आखावा तर आम्हीच, असा माझा समज होता. तिकिटे, उतरण्याची जागा, इतकेच काय, भडंग कुठून घ्यायचे तेही माझ्या वहीत टिपलेले असते. परंतु गेल्या खेपेस रविवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो, सोमवारी सकाळी कोल्हापुरास उतरलो, अंबाबाईचे दर्शन उरकून टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयापुढे येतो तो दाराला कुलूप! सोमवारी सुटी. मुलांना काय, बाग मिळाली. नाना मात्र काठीवर दोन्ही हात ठेवून कुलपाकडे पाहत राहिले. "चला, ऊन चढलं," एवढेच म्हणाले.

माझे वडील कोल्हापुरात वाढले. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन केले, तेव्हा ते असतील दहा वर्षांचे. शाळा सुटली की स्वारी खणतीच्या काठावर! मातीची टोपली वर आली की पोरे माना लांब करीत. त्या टेकाडाच्या पोटात सातवाहनकाळची वस्ती निघाली. तिथेच मिळालेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या सागरदेवाची, कांस्यमूर्ती आज या संग्रहालयात आहे. समुद्र नसलेल्या गावात सागरदेव! रोमन व्यापाराचे धागे घाट चढून इथवर आले होते, ते असे.

संग्रहालय १९४६ साली निघाले आणि १९४९ साली टाउन हॉलमध्ये आले. तोवर आजोबांची बदली होऊन बिऱ्हाड हलले होते. पुढे नानांचे कोल्हापूरला जाणे झाले ते लग्नामुंजींना, आणि लग्नघरातून संग्रहालय बघायला कोण सोडतो?

यंदा त्यांची नजर आणखी अधू झाली, तेव्हा मी पुन्हा वही उघडली. सोमवारी रात्री निघायचे, मंगळवारी पोचायचे. आधी फोन करून वेळही विचारून घेतली.

"अहो, मंगळवार म्हणजे देवीचा वार," सौ. म्हणाली. "रांग केवढी असेल! त्या रांगेत उभे राहिल्यावर नानांच्या पायांत संग्रहालयापुरतं बळ उरेल का?"

हे माझ्या वहीत नव्हते. मग आधी संग्रहालय, असे मी भीतभीतच सुचवले. देवीच्या आधी दुसरे काही, हे तिला पटणे कठीण. थोडा वेळ ती निवडलेली मेथी पुन्हा निवडत बसली. मग म्हणाली, "मी मुलांना घेऊन रांगेत उभी राहते. तुम्ही नानांना घेऊन जा. संध्याकाळी त्यांना मुखदर्शन घडवू. आई समजून घेईल."

तसेच केले. दार उघडताच आम्ही दोघे आत. पोसायडन दाखवला. नाना काचेला नाक टेकवून म्हणाले, "एवढासाच होय रे?"

मग ते खापरांच्या कपाटापाशी गेले आणि तिथून हलेनात. मी खुर्ची मागून आणली, तर हातानेच नको म्हणाले.

"टोपलीत हेच असायचं," ते म्हणाले. "आम्हाला वाटायचं, सोनं निघेल."

मग खापरे मोजू लागले. मध्येच चुकले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.