डफी कुठे गेली?

वेल्समधल्या डफी या गायिकेचं नाव आपल्याकडे फार जणींनी ऐकलं नसेल. २००३ साली वेल्श भाषेतल्या टीव्ही वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ती दुसरी आली. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपला तो तिचा 'रॉकफेरी' हा अल्बम. २००९ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. गाणी नवी, पण बाज सगळा १९६०च्या दशकातला. (अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी घडवलेलं सोल संगीत गोऱ्या मुलीने गायलं की बाजार जरा जास्तच खूष होतो, हेही नोंदवून ठेवते.)

२०१०चा दुसरा अल्बम पडला आणि ती दिसेनाशी झाली. यश टिकलं नाही, असं म्हणून सगळे मोकळे झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये तिनेच सांगितलं: गुंगीचं औषध देऊन तिला डांबून ठेवलं होतं, तिच्यावर बलात्कार झाला होता.

'मग इतकी वर्षं गप्प का?' हा प्रश्न आपण गावोगावच्या बैठकांत ऐकत आलो आहोत. पोलिसांकडे गेले आणि काही बिनसलं तर तो जिवे मारेल, ही भीती तिने लिहिली आहे. पैसा, प्रसिद्धी असलेल्या बाईची ही गत, तर शेतमजूर बाईला 'तेव्हाच का नाही बोललीस' विचारणाऱ्यांना काय म्हणावं! आपल्या कायद्याने पीडितेचं नाव छापणं गुन्हा आहे, पण तिने स्वतः लेखी संमती दिली तर ते छापता येतं. कधी बोलायचं, किती बोलायचं, हे तिनेच ठरवायचं.

डफी तेवढ्यावर थांबली नाही. '३६५ डेज' या पोलिश सिनेमात एक गुंड बाईला पळवतो आणि प्रेमात पडायला वर्षाची मुदत देतो. अपहरण आणि बलात्कार हे असं मादक करून दाखवू नका, असं जाहीर पत्र तिने जुलै २०२० मध्ये नेटफ्लिक्सच्या प्रमुखाला लिहिलं. मला बंदीची मागणी कधीच पटली नाही. बंदीचं हत्यार शेवटी बायकांवरच उलटतं. पण 'नाही म्हणजे हो' शिकवणाऱ्या हिंदी सिनेमांवर वाढलेल्या आपल्या मुलामुलींसोबत हे पत्र वाचायला हवं. नेटफ्लिक्सने २०२२ मध्ये त्या सिनेमाचे आणखी दोन भाग आणले.