विश्लेषण : डॉल्फिन दिसण्याची ‘गॅरंटी’ कोणाला महागात पडते?

*कोकणच्या खडकाळ किनाऱ्यालगतची सागरी सफर पर्यटकांना हवी आहे आणि गावांनाही. मात्र ‘नक्की दिसणार’ या आश्वासनामुळे डॉल्फिन, तांडेल आणि प्रवासी असे तिघेही अडचणीत येतात. ते कसे, आणि त्यावर उपाय काय?*

पावसाळा सरला की मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती या पट्ट्यात सकाळच्या होड्या सुटू लागतात. गोव्यात सिकेरीपासून पाळोळ्यापर्यंत तेच चित्र. तासाभराची फेरी, अंगात लाइफ जॅकेट, हातात मोबाइल आणि कानावर एकच प्रश्न : ‘दिसतील ना?’ ग्राहकाला हेच विचारायचे असते, हे धक्क्यावरच्या विक्रेत्यालाही ठाऊक असते. म्हणून उत्तरही तयार असते. दिसणारच, नाही दिसले तर पैसे परत.

ऐकायला हा चोख व्यवहार वाटतो. पण डॉल्फिन हा रानातला प्राणी आहे, त्याच्या वेळापत्रकावर आपला ताबा नाही. जे आपल्या हातात नाही त्याची हमी दिली, की ती पाळण्यासाठी एकच मार्ग उरतो : शोधायचे, गाठायचे आणि पाठलाग करायचा. सगळे बिघडते ते इथून.

डॉल्फिन किनाऱ्याजवळ का येतात?

कोकणच्या किनाऱ्यावर सर्वाधिक दिसणारा डॉल्फिन म्हणजे हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन. पाठीवरच्या पराखाली उंचवटा असतो, त्यावरून हे नाव. हा खोल समुद्रातला प्राणी नाही. खाड्यांची मुखे, उथळ पाणी आणि किनाऱ्यापासून काही किलोमीटरची पट्टी हेच त्याचे घर.

सिंधुदुर्गाचा किनारा त्याला मानवणारा आहे. कातळाचे सडे थेट समुद्रात उतरतात, पाण्याखाली खडकांच्या रांगा आहेत आणि देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. खडक आणि खाडी जिथे एकत्र येतात तिथे मासळी असते आणि मासळीमागे डॉल्फिन. याच समृद्धीमुळे 1987 मध्ये मालवणचे 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले.

पण किनाऱ्याजवळ राहण्याची किंमतही आहे. मासेमारीची जाळी, यांत्रिक नौका, खाडीतून येणारे सांडपाणी आणि पर्यटकांच्या होड्या हे सारे त्याच अरुंद पट्टीत आहे. आययूसीएनच्या लाल यादीत हा डॉल्फिन ‘संकटग्रस्त’ गटात आहे. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन वेतांमध्ये काही वर्षांचे अंतर असते. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही.

होडी जवळ गेली तर बिघडते काय?

डॉल्फिन डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबतो. कोकणातल्या गढूळ पाण्यात नजर फार लांब पोहोचत नाही. तो बारीक ‘टिक-टिक’ आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, खडक कुठे आणि पिल्लू कुठे हे ओळखतो.

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर असतो, समुद्राच्या पाण्यात तो सुमारे 1,500 मीटर असतो. पाण्यात आवाज लांबवरही जातो. आउटबोर्ड इंजिनचा पंखा वेगाने फिरतो तेव्हा त्याच्या पात्यांवर बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. होडीच्या आवाजाचा मोठा भाग त्यातूनच येतो. वेग वाढवला की हा आवाज झपाट्याने वाढतो. होडीवर बसून आपल्याला फक्त इंजिनची घरघर ऐकू येते. पाण्याखाली मात्र तो गोंगाट असतो. अशा पाच-सहा होड्या एका कळपाभोवती जमल्या, तर आपल्या दृष्टीने ते भर चौकात डोळ्यांवर पट्टी बांधून उभे राहण्यासारखे आहे.

याचे परिणाम मोजले गेले आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे बॉटलनोज डॉल्फिनचा अनेक वर्षे अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. पर्यटक होड्यांचे परवाने एकावरून दोन झाल्यानंतर त्या भागातील डॉल्फिनचा वावर सरासरी 14.9 टक्क्यांनी घटला. होड्या नसलेल्या शेजारच्या भागात अशी घट दिसली नाही. त्यानंतर तिथल्या सरकारने परवाने दोनवरून पुन्हा एकावर आणले.

‘आमच्याकडे तर रोज होड्या जातात, तरी डॉल्फिन दिसतातच की,’ या युक्तिवादाचे उत्तर याच अभ्यासात आहे. आवाज सोसणारे प्राणी मागे राहतात, न सोसणारे निघून जातात. मागे राहिलेल्यांना पाहून ‘सवय झाली’ असे म्हणणे म्हणजे वर्गातली निम्मी मुले घरी गेल्यावर उरलेल्यांची हजेरी शंभर टक्के लावण्यासारखे आहे.

मग दोष तांडेलाचा?

सगळा दोष त्याच्या माथी मारणे सोपे आहे, पण बरोबर नाही. या किनाऱ्यावरचे अनेक होडीवाले मच्छीमार कुटुंबांतले आहेत. वारा, भरती-ओहोटी, पाण्याखालचे खडक यांचे त्यांचे ज्ञान कोणत्याही ॲपमध्ये मिळणार नाही. पर्यटनाचे दिवस मोजके. मे अखेर ते ऑगस्ट हा पावसाळी काळ होडी किनाऱ्यावरच असते. इंधन महाग, होडीचे हप्ते चालू आणि शेजारच्या होडीने ‘गॅरंटी’ दिलेली. अशा वेळी जो तांडेल ‘बघू, नशीब असेल तर दिसतील’ असे खरे सांगतो, त्याची होडी रिकामी राहते.

म्हणजे ही एकट्यादुकट्याच्या वागण्याची गोष्ट नाही, ही स्पर्धेची रचना आहे. एका होडीला कळप दिसला की मोबाइलवरून बाकीच्यांना कळते आणि सगळ्यांचे सुकाणू तिकडे वळते. एकाने अंतर राखले तर त्याचेच प्रवासी कुरकुरतात. नियम सगळ्यांना सारखा असेल, तरच चांगले वागणारा तोट्यात जाणार नाही.

प्रवाशांच्या जिवाशी संबंध कसा?

मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईजवळ नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. या दोन्ही दुर्घटना डॉल्फिन पाहताना झालेल्या नाहीत. पण लाइफ जॅकेट, प्रवासीसंख्या आणि सुटकेची तयारी हे प्रश्न त्यांनी सगळ्याच होड्यांसमोर ठेवले.

पाठलागात धोका वाढतो, त्याचे कारण साधे आहे. सगळे बसलेले असतात तेव्हा होडीचा गुरुत्वमध्य खाली असतो. ‘तो बघा, उजवीकडे!’ अशी हाक येताच वीस जण उभे राहतात आणि एकाच बाजूला झुकतात. गुरुत्वमध्य वर जातो, बाजूलाही सरकतो. त्याच वेळी तांडेलाने वळण घेतले आणि कडेने लाट आली, तर लहान फायबर होडीला सावरायला फार जागा उरत नाही. खडकाळ किनाऱ्याजवळ लाटा खडकांवर आपटून उलट येतात, त्यामुळे पाणी आणखी बेभरवशाचे होते. थोडक्यात, डॉल्फिनपासून राखलेले अंतर प्रवाशांनाही सुरक्षित ठेवते.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आणि देवमासे आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत ते वाघाच्या रांगेत आहेत. प्रवासी होड्यांची नोंदणी, तपासणी आणि परवाने हे महाराष्ट्र सागरी मंडळाचे काम, वन्यजीव वनविभागाकडे आणि पर्यटन आणखी तिसऱ्या खात्याकडे. तिघांचे काम जिथे एकत्र येते ती जागा म्हणजे धक्का. पर्यटकाला नियम दिसायला हवेत ते तिथे.

हे नियम आकड्यांत लिहिता येतात. न्यूझीलंडमध्ये सागरी सस्तन प्राण्यांपासून 300 मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त होड्यांना परवानगी नाही. ऑस्ट्रेलियाची मार्गदर्शक तत्त्वे डॉल्फिनपासून 50 मीटर अंतर राखायला सांगतात आणि 150 मीटरच्या आत आल्यावर वेग कमी करायला. 50 मीटर म्हणजे साधारण अडीच क्रिकेट खेळपट्ट्या. हा अंदाज कोणीही बांधू शकतो.

नियम आले तर धंदा बुडेल?

ही भीती खरी आहे, म्हणून नियमासोबत रोजगाराचा विचार हवा. तसे करता येते हे महाराष्ट्राने दाखवले आहे. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा देवमाशासारखे संरक्षित प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना 2018 पासून आहे. मच्छीमाराला गुन्हेगार न मानता भागीदार मानले, हे या योजनेचे बळ.

तेच सूत्र इथे लावावे. धक्क्यावर क्रमांक पद्धत असावी, म्हणजे एकाच वेळी सगळ्या होड्या कळपावर जाणार नाहीत. तांडेलांना प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्यावे. अंतर, वेग, होड्यांची संख्या आणि थांबण्याचा वेळ यांचा मराठी फलक प्रत्येक धक्क्यावर असावा. आणि ‘गॅरंटी’ची जाहिरात बंद व्हावी. सगळ्यांची एकदम बंद झाली, तर कोणाचेच गिऱ्हाईक तुटणार नाही.

शिवाय विकण्यासारखे पुष्कळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याची समुद्रातून दिसणारी तटबंदी, निवतीचे कडे, वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरचे दीपगृह आणि तिथल्या गुहांत घरटी करणाऱ्या पाकोळ्या, वर घिरट्या घालणारा समुद्री गरुड. किनारा दाखवायचा आणि डॉल्फिन दिसले तर ती बोनस भेट, अशी सफर खोटे न बोलता विकता येते.

पर्यटक म्हणून तुम्ही काय करू शकता?

- ‘नक्की दिसतील का?’ऐवजी ‘किती अंतरावर थांबता?’ असे विचारा.
- लाइफ जॅकेट स्वतः बांधून घ्या आणि मुलांच्या मापाचे आहे का ते पाहा.
- होडीवरच्या फलकावरील क्षमता आणि प्रत्यक्ष माणसे मोजा. जास्त असतील तर उतरा.
- डॉल्फिन दिसल्यावर बसूनच पाहा. ओरडू नका, काही फेकू नका.
- कळप दिशा बदलून दूर जात असेल, तर ‘मागे घ्या’ म्हणू नका.
- अंतर राखणाऱ्या तांडेलाचे ऑनलाइन परीक्षण लिहा. डॉल्फिन दिसले नाहीत म्हणून एक तारा देऊ नका.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण बाजार याच ताऱ्यांवर चालतो. आज पाठलाग करणाऱ्याला पाच तारे आणि संयम ठेवणाऱ्याला दोन मिळत असतील, तर ही पाळी आपणच आणली आहे. सरकारचा फलक लागेल तेव्हा लागेल. पण येत्या सुट्टीत पैसे देण्यापूर्वी काय मागायचे, हे आजही आपल्याच हातात आहे.