रानपिंगळा सुधारला म्हणे!

2018 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत रानपिंगळा हे छोटं घुबड 'अतिसंकटग्रस्त' होतं ते 'संकटग्रस्त' झालं. तेव्हापासून एक सूर कानावर येतो: पक्षी सावरला, आता त्याच्यापायी रान अडवून ठेवायचं कशाला? वर पुस्ती अशी की, जनुकीय अभ्यासाने त्याची 'हेटेरोग्लॉक्स' ही स्वतंत्र प्रजाती मोडीत काढून त्याला साध्या पिंगळ्याच्या 'अथीनी' प्रजातीत आणून बसवलं. म्हणजे शेवटी पिंगळाच की!

पुस्तीचा समाचार आधी घेऊ. भाऊबंद ठरले म्हणून चूल एक होत नाही. पिंगळ्याला गावातला जुना पिंपळ चालतो, पडक्या भिंतीतलं भोक चालतं, शहरातली इमारतही चालते. यादीत त्याच्याबद्दल चिंता नाही, आणि ते रास्तच आहे. रानपिंगळ्याला मात्र मध्य भारतातलं कोरडं, विरळ सागाचं रान हवं, ढोल्या असलेली जुनी झाडं हवीत. हा शिकारही बरीचशी दिवसाउजेडी करतो. त्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, शेपटीवर रुंद पट्टे असतात. नुसतं कूळ पाहून दोघांना एका मापाने मोजणाऱ्यांनी यांच्या वस्तीकडे पाहिलेलंच नाही.

आता 'सावरला'चं बघू. पक्षितज्ज्ञ ह्यूमने 1873 मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. 1884 नंतर त्याचा एकही खरा नमुना मिळाला नाही. माइनर्ट्झहागेन या कर्नलसाहेबांनी 1914 चा म्हणून मिरवलेला नमुना तर चोरीचा निघाला! अखेर नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी अभ्यासकांना तो शहाद्याजवळ दिसला. मग मेळघाट, तोरणमाळ, यावल आणि 2014 मध्ये थेट ठाणे जिल्ह्यातलं तानसा. एवढ्या ठिकाणी तो या काही वर्षांत पसरला असेल? तो तिथे होताच. पाहणारे उशिरा पोहोचले. वाढली ती आपली माहिती, आणि वर्ग बदलला तो तिच्यामुळे. शिवाय 'संकटग्रस्त' हाही धोक्याचाच वर्ग आहे, एवढं तरी वाचावं.

म्हणून माझं म्हणणं उलट आहे. नव्या नोंदी झाल्या, तर राखायची रानंही वाढली. अभयारण्याच्या हद्दीबाहेरही ढोलीची झाडं तोडू नयेत, वणवे आणि शेतीसाठी होणारी अतिक्रमणं रोखावीत, अंधश्रद्धेपायी घुबडं मारणाऱ्यांवर गुन्हे नोंदवावेत. यातल्या शेवटच्या कलमाची गरज गावातल्या पिंगळ्यालाही आहे.