बिनव्याजी हप्त्यांचे मायाजाल

चतुर्थीचा बाजार भरला की ‘बिनव्याजी हप्त्यांनी मोबाईल’ असे फलक दुकानोदुकानी झळकू लागतात. संच रोखीने घ्यावा की हप्त्यांनी, असा पेच मग सामान्य गृहस्थाला पडतो. शून्य व्याज ही कल्पनाच मुळी अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. हे व्याज कधी प्रक्रिया शुल्काच्या रूपाने येते, तर कधी रोख खरेदीवरील सूट गिळून बसते. एकरकमी पैसा नसलेल्यास हप्ता हा आधार आहे, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच त्याची फसगत होता कामा नये. रोख किंमत आणि हप्त्यांची एकूण बेरीज फलकावर शेजारी शेजारी लिहिण्याची सक्ती सरकारने करावी. तोवर ग्राहकाने ही बेरीज स्वतः मांडावी आणि मगच सही करावी.