भातखाऊ मुलखातील गव्हाचे दुखणे

चिपळूण मागे टाकून संगमेश्वरकडे निघाले की मुंबई-गोवा महामार्गावर सावर्डे लागते. या मुलखातील खाचरे भाताची आणि वरकस जमीन नाचणी-वरीची. गहू येथे पिकत नाही. पण महामार्गावरील कोणत्याही चहाच्या टपरीत डोकावले तर पाव, टोस्ट, खारी, बिस्किटे यांच्या बरण्या भरलेल्या दिसतात. पी. एल. ४८० चा करार १९५६ साली झाला आणि अमेरिकेचा गहू शिधावाटप दुकानांच्या वाटेने भातखाऊ प्रदेशांतही पोहोचला. मुंबईच्या चाकरमान्याने पोळीची सवय गावी आणली. एके काळी पोळी ही सणावाराची वस्तू होती. ती रोजच्या ताटात आली आणि नाचणीची भाकरी गरिबीची खूण ठरली. आहारातील हा पालट दोन-तीन पिढ्यांत झाला; मात्र त्याची वैद्यकीय बाजू आजही फारशी कोणाच्या ध्यानात आलेली नाही.

गहू, जव यांसारख्या धान्यांत ग्लुटेन नावाचे चिकट प्रथिन असते. काही माणसांच्या शरीरात या प्रथिनाविरुद्ध प्रतिक्रिया उठते आणि लहान आतड्याच्या आतील अस्तराची झीज होते. हाच सिलिॲक रोग. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा हा रोग असलेली मुले सुधारली आणि पाव परतताच पुन्हा खंगली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला गव्हाविषयी संशय त्याआधीच आला होता. १९५० साली त्याने तो प्रबंधरूपाने मांडला. त्यावर औषध आजही नाही. जन्मभर ग्लुटेन वर्ज्य करणे एवढाच उपाय, आणि तो गुणकारी आहे. उपाय इतका सरळ असूनही निदानाला वर्षे का लागावीत?

ब्रिटनसारख्या देशात, जेथे सरकारी आरोग्यसेवा दारापर्यंत पोहोचली आहे, तेथेही लक्षणे दिसू लागल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी तेरा वर्षे जातात असे तेथील रुग्णसंघटना सांगते. कारण रोग वेष पालटून येतो. अतिसार, पोटफुगी आणि खंगणे हे त्याचे पुस्तकी रूप. आपल्याकडे त्याला संग्रहणी म्हणून मोकळे होण्याची रीत जुनीच आहे. पण पुष्कळांना पोटाची तक्रार जवळजवळ नसतेच. त्यांची उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात, गर्भपात होतात. आणि सर्वांत अधिक आढळते ते रक्ताचे पांढरेपण.

गोची नेमकी येथे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. जे लक्षण निम्म्याहून अधिक बायकांत आहे, त्याकडे लक्षण म्हणून पाहणार कोण? शाळांतून दर आठवड्याला निळी गोळी दिली जाते, आरोग्य केंद्रात लोह मिळते, आणि हे योग्यच आहे. पण अन्नातील लोह मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जाते आणि सिलिॲकमध्ये प्रथम बिघडतो तो हाच भाग. मग गोळी पोटात जाते आणि रक्त मात्र वाढत नाही. ‘मुलगी गोळ्या टाकून देत असेल’ असा निष्कर्ष निघतो. कधी तो खराही असतो. तो नेहमी खरा धरला जातो, हा दोष आहे.

तरीही डॉक्टरांवर सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात या रोगाचे प्रमाण हजारी सुमारे साडेआठ, तर दक्षिणेत हजारी ०.११ इतकेच निघाले. रोगाला अनुकूल आनुवंशिक घटक दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. फरक होता तो गव्हात. उत्तरेत दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५. पश्चिम भारत त्या पाहणीत नव्हता. कोकण दक्षिणेच्या जवळ असावे, असा तर्क करता येतो. मात्र ताटातील गहू वाढत गेला तर कोकण तेथेच राहील असे मानण्यास आधार नाही.

असा रोग विरळा असेल तेथे सर्वांची तपासणी करणे हा पैशाचा अपव्यय ठरेल. परंतु निवडक तपासणीचा हिशेब निराळा आहे. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही दोन-तीन महिन्यांत ज्यांचे रक्त वाढत नाही, ज्या मुलांची उंची अकारण खुंटली आहे, ज्यांना बालपणापासून इन्सुलिन घ्यावे लागते किंवा ज्यांच्या सख्ख्या नात्यात हा रोग निघाला आहे, त्यांची रक्ततपासणी केली तर खर्च आटोक्यात राहतो. ती सदोष निघाल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेऊन खात्री करता येते. सावर्ड्यालगत डेरवण येथे २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोकणाचे प्रमाण नेमके किती, हे शोधण्यास अशा ठिकाणाहून चांगले ठिकाण कोणते?

उलट, न तपासण्याचा खर्च कोणत्याच वहीत मांडला जात नाही. डॉक्टरांकडची प्रत्येक खेप म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज. समजा, मजुरी करणारी आई मुलीला घेऊन चिपळूण, मग कोल्हापूर, मग मुंबई अशी फिरली, तर तपासणीचे पैसे त्या प्रवासातच केव्हाच खर्ची पडलेले असतात. मुलीची बुडालेली शाळा निराळीच.

शहरात याच्या नेमकी उलट चूक होते. कोणी सांगितले म्हणून गहू सोडायचा, बरे वाटले की ‘मला ग्लुटेन चालत नाही’ असे जाहीर करायचे. गहू सोडल्यावर काही काळाने केलेली तपासणी निर्दोष येऊ शकते आणि खरा रोगही झाकला जातो. सिलिॲक नसतानाही गव्हाने त्रास होणारी माणसे आहेत, हे वैद्यकाला मान्य आहे. परंतु त्याची स्वतंत्र खात्रीची चाचणी नसल्याने आधी सिलिॲक नाही हे ठरवावे लागते. क्रम चुकला की निदान आणखी लांबते.

निदानानंतरचा प्रश्न अर्थकारणाचा. इटलीत अशा रुग्णांना विशेष खाद्यपदार्थांसाठी सरकार दरमहा ठरावीक रकमेपर्यंत मदत देते. आपल्या दुकानांत ‘ग्लुटेनमुक्त’ अशी छापील अक्षरे मिरवणारा पुडा साध्या पिठाच्या कितीतरी पट महाग. पण कोकणी माणसाला तो हवाच कशाला? भात, तांदळाची भाकरी, घावन, नाचणीची आंबील हे सारे त्याचे आजीच्या घरचे अन्न आहे. तांदूळ-नाचणी मात्र गहू दळलेल्या गिरणीत दळून आणली तर तेच ग्लुटेन मागच्या दाराने परत येते, आणि डब्यातल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, हे घरातल्या बाईला कोणीतरी सांगितले पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू आणि तांदळाबरोबर भरड धान्यही धरले आहे. निदानाचा दाखला आणणाऱ्या कुटुंबाला वाट्याच्या गव्हाऐवजी तेवढाच तांदूळ किंवा नाचणी देण्यास फार मोठा निधी लागणार नाही. पुरवठा खात्याचे एक परिपत्रक पुरेल.