वांगे मावेल एवढा एअर फ्रायर

मध्यंतरी आमच्या वर्गात एक छोटासा वाद झाला. सर यायला उशीर होता आणि बोलता बोलता विषय निघाला एअर फ्रायरचा. एक मित्र म्हणाला, "ही सगळी शहरातल्या श्रीमंतांची थेरं. आपल्याकडे कढई आहे, बस झालं." दुसऱ्याचे म्हणणे, घ्यायचाच तर मोठा घ्यावा, नुसते बोट लावले की चालणारा, स्वस्तातली वस्तू घेऊन मागाहून पस्तावण्यात काय अर्थ? मी त्या वेळी गप्प बसलो. कारण त्याच आठवड्यात मी स्वतः हे यंत्र घेण्याच्या विचारात होतो आणि ते चारचौघांत सांगायची मला लाज वाटली. ती लाज आता गेली आहे. ते दोघेही चुकत होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही घरात तिघे. आई, वडील आणि मी. गेल्या वर्षी वडिलांना डॉक्टरांनी तळलेले बंद करायला सांगितले. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनीही 'मन की बात'मधून तेल दहा टक्क्यांनी कमी करा, असे देशाला सांगितले होते. सल्ला योग्यच आहे; पण दिवसभर मालवाहू रिक्षा चालवून आलेल्या माणसापुढे रोज उकडलेले ठेवून पाहावे, म्हणजे सल्ला पाळणे किती कठीण ते समजते. शिवाय खरा प्रश्न त्या दिवशीच्या तळणीचा नसतोच. तिघांपुरते तळायचे तरी कढईत अर्धा लिटर तेल ओतावे लागते. त्यातले थोडे खपते, उरलेले आई गाळून ठेवते आणि पुढे चार-सहा दिवस तेच फोडणीला वापरते. महागाचे तेल कोणती गृहिणी मोरीत ओतील? तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात अपायकारक घटक वाढत जातात. म्हणून तर १ जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तळणीच्या तेलातील अशा घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली. पण ती मर्यादा तपासायला आमच्या स्वयंपाकघरात कोण येणार? उरलेले तेल हा गरिबाघरचा प्रश्न आहे, श्रीमंताघरचा नव्हे. पहिल्या मित्राला माझे हे उत्तर आहे.

आता हे यंत्र म्हणजे काय, ते थोडक्यात. फिलिप्स कंपनीने २०१० साली ते या नावाने बाजारात आणले आणि नावातच थोडी फसवणूक आहे. हवेत काही तळले जात नाही. वर तापणारी तार, तिच्यामागे पंखा, खाली छिद्रांची टोपली. वैशाखात आपल्याकडे जो गरम वारा सुटतो, तोच या डब्यात दोनशे अंशांपर्यंत तापवून कोंडलेला असतो. तो पदार्थाचा वरचा ओलावा ओढून घेतो आणि कड कुरकुरीत करतो. म्हणजे ही एक लहान भट्टी आहे. हे एकदा ध्यानात आले की जाहिरातीतल्या भज्यांना माणूस भुलत नाही. पातळ पिठात बुडवलेली भजी यात घातली तर पीठ छिद्रांतून गळते. बटाटेवड्याची तीच गत. पुरी फुगली तरी पापडासारखी कडक होते. बटाट्याच्या काचऱ्या, आधी वाफवलेली कोथिंबीर वडी, शेंगदाणे, चमचाभर तेलाचा हात लावलेली भेंडी हे मात्र उत्तम होते. पापडावर जाळी ठेवावी लागते, नाहीतर तो वाऱ्याने उडून तापल्या तारेला चिकटतो.

दुकानात गेल्यावर दुकानदार लिटर सांगतो, रंग सांगतो, हप्ता सांगतो. एक गोष्ट तो आपणहून सांगत नाही. ती म्हणजे घरी मोठ्या पिनचा प्लग आहे का. माझ्या मते पहिला प्रश्न हाच. आपल्या घरांत, विशेषतः भाड्याच्या खोल्यांत, बहुतेक बोर्ड सहा अँपिअरचे असतात. २३० व्होल्ट गुणिले सहा म्हणजे १३८० वॅट. यापुढे त्या सॉकेटने भार घेऊ नये. आणि चार-साडेचार लिटरचे पुष्कळसे एअर फ्रायर १४०० ते १५०० वॅटचे आहेत. लोक काय करतात? मोठी पिन लहान सॉकेटात बसवायला वीस-तीस रुपयांचा कन्व्हर्टर लावतात, तोही टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डावर. मग प्लग काळा पडतो, वास येतो आणि दोष यंत्राला जातो. आमच्या घरी मोठा प्लग नव्हताच. वायरमनने वेगळी वायर ओढून, अर्थिंग तपासून तो बसवून दिला, त्यात सहाशे रुपये गेले आणि खरेदी महिनाभर लांबली. कमवा व शिका योजनेतून साठवलेले पैसे होते, त्यामुळे ते सहाशे मला चांगलेच जाणवले. तरीही ज्याच्याकडे साडेतीन हजार आहेत, त्याने वायरिंगचे आधी बाजूला काढावेत. ते जमत नसेल तर हजार-बाराशे वॅटचा लहान घ्यावा, पण कन्व्हर्टर लावू नये.

विजेच्या बिलाची भीती आईला फार होती. बाराशे वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर जास्तीत जास्त ०.४ युनिट, रोज चालवले तर महिन्याला बारा. तापमान गाठल्यावर तार मधूनमधून बंद होते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच. फक्त ज्यांचे बिल शंभर युनिटांच्या अलीकडे रेंगाळते, त्यांनी जपावे, कारण शंभरापुढे दर चढा लागतो.

आकाराबद्दल मात्र लिटरवर विश्वास ठेवू नये, असे मी अनुभवाने सांगतो. आम्ही जळगावकडचे, आमच्याकडे भरीत ही चैन नसून जेवण आहे. म्हणून मी दुकानात जाताना पिशवीत अर्ध्या किलोचे भरताचे वांगे घेऊन गेलो. दुकानदार हसला, नोकर हसला, एक गिऱ्हाईक तर वाकून पाहू लागले. पण झाले असे, की साडेचार लिटरच्या उंच, गोल टोपलीत ते वांगे आडवे बसेना, आणि चार लिटरच्या चौकोनी टोपलीत सुखाने पहुडले. या यंत्रात पदार्थ एकाच थरात पसरावा लागतो; उंचीचा उपयोग थोडा, तळ महत्त्वाचा. अशी परीक्षा घरबसल्या मागवण्यात होत नाही. तिघाचौघांच्या घराला तीन ते चार लिटर, रुंद तळाचा, एवढे पुरे.

आणि काचेची बटणे नकोत. त्यांवरची अक्षरे इंग्रजी, चित्रे कोंबडीच्या तंगडीची आणि पिझ्झ्याची. आमच्या घरी ते वाचणारा मी एकटा, आणि मी तर दिवसभर कॉलेजात. फिरवायच्या दोन खुंट्या, एक अंशांची, एक मिनिटांची. आकडे आईला येतात. स्वयंपाक जिच्या हातचा, तिला माझी वाट पाहावी लागू नये. स्वस्त यंत्र इथे महागड्यापेक्षा सरस ठरते, हे त्या दुसऱ्या मित्राने लक्षात घ्यावे.

टोपली तारेच्या घासणीने किंवा राखेने घासायची नाही, मागे वीतभर मोकळी जागा सोडायची, ही पथ्ये आहेतच. वांग्याला आधी टोचे मारावे लागतात, नाहीतर ते फुटते. पऱ्हाटीच्या जाळावरच्या वांग्याची सर त्याला नाही; वडील पहिल्याच घासाला म्हणाले, "शिजलंय, भाजलेलं नाही." आईने कढई माळ्यावर ठेवू दिलेली नाही. अखाजीला ती खाली लागणारच, असे तिने आताच सांगून ठेवले आहे आणि त्यावर मी वाद घातलेला नाही.