जंगलाची हजेरी

एखाद्या जंगलात दहा वर्षांनी पुन्हा गेले, तरी ते होते तसेच वाटते. तीच हिरवाई, तीच सावली! पण डोळ्यांचा हा अंदाज किती फसवा असतो, हे तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलाने दाखवून दिले आहे.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली या जंगलाचा एक किलोमीटर लांब व अर्धा किलोमीटर रुंद, म्हणजे ५० हेक्टरांचा तुकडा आखून घेतला. बुंधा निदान एक सेंटिमीटर जाड असलेले प्रत्येक झाड मोजले, त्याला क्रमांकाचा बिल्ला लावला आणि त्याची जागा नकाशावर टिपली. अशी २५ हजारांच्या आसपास झाडे भरली. मग दरवर्षी त्यांची हजेरी सुरू झाली. कोणते झाड मेले? कोणते नवे वाढले?

पहिल्या काही वर्षांतच आश्चर्य समोर आले. भेंडीच्या कुळातील वारंग हे झाड तेथे हजारोंच्या संख्येने होते. हत्तींना त्याची साल फार आवडते. त्यांनी झाडे मोडली, सोलली. वारंगाची संख्या झपाट्याने घटली. मुरुडशेंगेचीही तीच गत झाली. वणव्यांनी कोवळी झाडे मारली, पण ऐन, धावडा, नाणा यांचे मोठे वृक्ष टिकले. बहावा तर वाढला! घाणेरीचे विदेशी झुडूपही पसरत गेले.

याच नीलगिरीच्या डोंगरांवर दलदलीच्या तळाशी साचलेला काळा थर आणखी जुनी गोष्ट सांगतो. त्यातील कार्बनच्या तपासणीवरून गवत कधी वाढले आणि झाडे कधी, हे कळते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, हिमयुगाच्या ऐन भरात हवा कोरडी असताना येथे गवताळ राने पसरली होती. पुढे पाऊस वाढला, तसे चित्र पालटले.

वर्षे सरतात, तसे जंगल आपले रूप बदलत असते. मात्र त्यात हत्ती, पाऊस आणि वणवा यांचा वाटा किती, हे एका पाहणीत कळत नाही. त्यासाठी त्याच झाडांपाशी वर्षानुवर्षे परतावे लागते. वणवा रोखायचा कुठे, घाणेरी काढायची कुठे, हे ठरवायला हीच हजेरी उपयोगी पडते.